दोघंही आजारी असताना : ‘पिप’ आणि केअरर्स अलाउन्सचा अर्ज

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांमध्ये एक समज पक्का बसलेला आहे. केअरर म्हणजे धडधाकट माणूस आणि तो ज्याचं करतो तो आजारी. दोघंही आजारी असले की लोक अर्जाच्या वाटेलाच जात नाहीत. ‘मीच आजारी, मग मी दुसऱ्याचं करते असं कुठल्या तोंडाने लिहू?’ हा प्रश्न मी कितीतरी बायकांकडून ऐकला आहे. नियम मात्र तसा नाही. नवरा-बायको एकमेकांचे केअरर म्हणून आपापला केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याला मिळणारा सरकारी भत्ता) मागू शकतात, आणि त्याच वेळी स्वतःच्या आजारासाठी पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप, दोघांनाही मिळू शकतं. आम्ही हे २०२५ साली केलं. मार्चमध्ये पहिला फोन केला, शेवटची थकबाकी जानेवारी २०२६ मध्ये जमा झाली. खालचे सगळे आकडे २०२५-२६ या वर्षाचे आहेत. दर एप्रिलमध्ये बदलतात.

आमची परिस्थिती एवढी सांगितली की पुढचं समजेल. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवात आहे. बोटं, मनगटं आणि गुडघे सकाळी तासन्‌तास आखडलेले असतात. नवऱ्याला २०२३ मध्ये स्ट्रोक झाला. अंगात ताकद परत आली, पण विसर पडतो, वेळेचं भान राहत नाही आणि अधूनमधून फिट येते. मी घरूनच आठवड्याला बारा तास फोनवरचं काम करते. पुण्यात आमचा एक फ्लॅट आहे. स्वतः राहत नसलेलं भारतातलं घरही युनिव्हर्सल क्रेडिटसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या भत्त्यासाठी, मालमत्ता धरलं जातं आणि १६,००० पौंडांच्या वर मालमत्ता असली की ते क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे तो रस्ता आम्हाला बंद होता. पिप आणि केअरर्स अलाउन्स मात्र बचत किंवा मालमत्ता बघत नाहीत. ‘पुण्यात घर आहे म्हणजे आपल्याला काहीच मिळणार नाही’ असं मानून बसलेली घरं मला माहीत आहेत, म्हणून हे आधीच सांगते.

सगळ्यात आधी व्हिसा तपासा. पिप, केअरर्स अलाउन्स आणि युनिव्हर्सल क्रेडिट हे तिन्ही कायद्याने ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडतात. नोकरीच्या, विद्यार्थ्याच्या किंवा डिपेंडंट व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे असे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, अशी अट असेल तर अर्ज करू नका. पुढच्या व्हिसाला त्रास होऊ शकतो. एकाला आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) आहे आणि दुसरा अजून व्हिसावर आहे अशी जोडपी असतात. तिथे आधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा आणि मगच फोन उचला. शिवाय पिप आणि केअरर्स अलाउन्ससाठी गेल्या तीन वर्षांपैकी एकूण दोन वर्षं ब्रिटनमध्ये घालवलेली असावी लागतात. आई-वडिलांच्या आजारपणासाठी भारतात लांब मुक्काम झालेला असेल तर पासपोर्टवरचे शिक्के बघून तारखा मांडून ठेवा. स्कॉटलंडमध्ये योजनांची नावं आणि कार्यालय वेगळं आहे, तिथल्या वाचकांनी त्यांच्याकडे चौकशी करावी.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पिप, नंतर केअरर्स अलाउन्स. कारण केअररला भत्ता मिळतो तो समोरच्या माणसाच्या पिपमधल्या ‘डेली लिव्हिंग’ या भागावर. नुसता ‘मोबिलिटी’चा भाग मिळून भागत नाही. म्हणजे माझा केअरर्स अलाउन्स नवऱ्याच्या पिपवर अवलंबून आणि त्याचा माझ्या पिपवर. पेन्शनचं वय उलटलेल्यांना पिपऐवजी अटेंडन्स अलाउन्स मागावा लागतो, बाकीचं गणित तेच.

मार्चमध्ये आम्ही ०८०० ९१७ २२२२ वर फोन केला. हा नंबर फुकट आहे. दोघांचे अर्ज वेगळे, म्हणून फोनही वेगळे. नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेचा तपशील, जीपीचा (फॅमिली डॉक्टरचा) आणि हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा पत्ता, परदेशात राहिलेल्या तारखा हे सगळं समोर ठेवा. जोडीदाराच्या वतीने तुम्ही बोलू शकता, पण तो शेजारी हवा. ओळख पटवायला त्यालाच बोलावं लागतं. बोललेली इंग्रजी जड जात असेल तर याच फोनवर दुभाषी मागून घ्या आणि ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीचा दुभाषी गृहीत धरला जातो. दुभाष्याचे पैसे पडत नाहीत. या फोनची तारीख डायरीत लिहून ठेवा, कारण पुढे मंजुरी मिळाली की पैसे साधारण याच तारखेपासून मोजले जातात. निकालाला कितीही महिने लागले तरी ते वाया जात नाहीत.

मग घरी जाडजूड फॉर्म येतो. परत पाठवायला एक महिना असतो. दोन आजारी माणसांना दोन फॉर्म एका महिन्यात झेपत नाहीत. फोन करून मुदतवाढ मागितली की बहुधा आणखी दोन आठवडे मिळतात. ती महिना संपायच्या आत मागायची.

या फॉर्मवर वेळ घालवा. बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं. बारा कामं विचारलेली असतात. दहा रोजच्या जगण्याची: स्वयंपाक, खाणं, औषधोपचार, अंघोळ, संडास-लघवी, कपडे, बोलणं, वाचणं, माणसांत मिसळणं, पैशांचे निर्णय. दोन हिंडण्या-फिरण्याची: प्रवास ठरवून पार पाडणं आणि प्रत्यक्ष चालणं. प्रत्येकाला गुण असतात. डेली लिव्हिंगमध्ये ८ गुणांना स्टँडर्ड दर, आठवड्याला ७३.९० पौंड, १२ गुणांना एनहान्स्ड, ११०.४० पौंड. मोबिलिटीत त्याच गुणांना २९.२० आणि ७७.०५ पौंड. आजाराचं नाव कितीही मोठं असलं तरी नावाला गुण नाहीत. ते काम जमतं का, कसं जमतं, एवढंच बघतात. त्रास तीन महिने झालेला असावा आणि पुढे निदान नऊ महिने राहील असा असावा.

‘जमतं’ याचा अर्थ कायद्यात लिहिलेला आहे. काम सुरक्षितपणे करता आलं पाहिजे, बऱ्यापैकी नीट झालं पाहिजे, लागेल तितक्या वेळा करता आलं पाहिजे आणि निरोगी माणसाला लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागता कामा नये. यातलं एक जरी हुकलं तरी ते काम ‘जमत नाही’ असं धरायचं. हे निम्म्याहून जास्त दिवस होत असेल तर गुण मिळतात. म्हणून प्रत्येक उत्तरात या चारांपैकी काय हुकतं ते लिहावं. ‘मला अंघोळ करता येते, पण वेळ लागतो’ या वाक्याला काहीच मिळत नाही. ‘अंघोळीला पन्नास मिनिटं लागतात, गुडघ्याखाली हात पोचत नाही, पाय नवरा धुतो, आठवड्यातले पाच दिवस असं असतं’ या उत्तराला गुण मिळतात.

स्वयंपाकाच्या प्रश्नात आपली मंडळी फसतात. पोळ्या लाटता येत नाहीत, कणीक मळता येत नाही, हे खरं असलं तरी फॉर्म ते विचारत नाही. एका माणसापुरता, ताज्या जिनसांचा, साधा एक पदार्थ शेगडीवर करता येतो का, एवढीच कसोटी आहे. मी लिहिलं: कांदा-बटाटा सोलता-चिरता येत नाही, सुरी हातातून निसटते, भरलेलं पातेलं दोन्ही हातांनीही उचलवत नाही, गरम पाणी ओतून काढताना भाजलं आहे, चिरणं आणि उचलणं नवरा करतो. मदत लागते म्हणून याला ४ गुण. नवऱ्याच्या फॉर्ममध्ये याच प्रश्नाला उत्तर वेगळं. हात चालतात, चिरतो, उचलतो. पण गॅस चालू ठेवून निघून जातो, आणि शेगडीपाशी फिट आली तर जिवावर बेतेल. तेव्हा कुणीतरी समोर उभं राहावं लागतं. हेही ४ गुणांचंच.

दोघंही आजारी असताना सगळ्यात नाजूक जागा हीच. माझ्या फॉर्ममध्ये ‘नवरा मला मदत करतो’ असं जातं आणि त्याच्या फॉर्ममध्ये ‘बायको मला मदत करते’ असं जातं. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की मग दोघंही चांगलेच आहेत की काय. म्हणून ‘काळजी घेते’, ‘सगळं बघते’, ‘सांभाळते’ हे शब्द फॉर्ममध्ये अजिबात वापरू नका. कोण कामाचा नेमका कुठला तुकडा करतो ते लिहा. आम्ही आधी दोघांचा मिळून एक साधा आठवडा वहीत टिपला. सकाळी सात : तो माझे मोजे-बूट घालतो, केस विंचरतो, ब्राचे हूक लावतो, मी त्याच्या गोळ्यांची वेळ सांगते, त्या गिळेपर्यंत समोर थांबते. दहा : त्याची अंघोळ, दार आतून बंद नाही, मी बाहेर खुर्चीवर. एक वाजता : चिरणं-उचलणं त्याचं, लक्ष ठेवणं आणि ‘आता गॅस बंद कर’ हे माझं. मला त्याची हातांची ताकद लागते आणि त्याला माझं लक्ष. या वहीतून दोन्ही फॉर्म भरले, त्यामुळे एकातलं वाक्य दुसऱ्यातल्या वाक्याला छेद देत नव्हतं. पुढे केअरर्स अलाउन्सचे तासही याच वहीतून निघाले.

फिट येणाऱ्यांसाठी एक निवाडा जवळ ठेवण्यासारखा आहे. २०१७ साली अपर ट्रायब्युनलने, म्हणजे भत्त्यांच्या वादांवरच्या वरच्या न्यायाधिकरणाने, [२०१७] यूकेयूटी १०५ या निर्णयात, ‘सुरक्षितपणे’चा अर्थ लावला. धोका निम्म्याहून जास्त दिवस प्रत्यक्ष घडायला हवा असं नाही. घडला तर इजा किती गंभीर होईल हेही बघायचं. फिट महिन्यातून एकदा येत असली, तरी ती कधी येईल ते सांगता येत नसेल तर देखरेख रोज लागते. नवऱ्याच्या प्रकरणात याचाच उपयोग झाला.

पुराव्यासाठी जीपीकडून खास पत्र घ्यायलाच हवं असं नाही. बऱ्याच सर्जरी, म्हणजे जीपींचे दवाखाने, त्याचे पैसे घेतात, आणि जीपीला आपण अंघोळ कशी करतो ते माहीतही नसतं. एनएचएस ॲपवरून नोंदी आणि औषधांची यादी छापून घेतली, हॉस्पिटलची पत्रं जोडली. पूर्ण रेकॉर्ड हवं असेल तर सर्जरीकडे ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ करावी, ती फुकट असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अहवाल असेल तर तो सगळ्यात वर ठेवा, कारण त्यात रोजची कामंच लिहिलेली असतात. फिटची तारीखवार नोंद आणि ती पाहिलेल्या शेजाऱ्याचं सहीचं पत्रही जोडलं. भारतातल्या हॉस्पिटलचे इंग्रजीतले कागद चालतात. मूळ कागद पाठवू नका, प्रत्येक पानावर नाव आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर लिहा, भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेवा. पाकिटाला टपालखर्च लागत नाही, पण पोस्टात जाऊन ‘प्रूफ ऑफ पोस्टिंग’ची पावती घ्या; तीही फुकट. आमचा खर्च झाला तो झेरॉक्सपुरता.

एप्रिलच्या शेवटी दोन्ही फॉर्म गेले आणि त्यानंतर नुसती वाट बघणं. हे महिने मनाला फार जड गेले. टपाल पडलं की छातीत धस्स व्हायचं. आपल्या दुखण्याची, अगदी संडासापर्यंतची, कागदावर यादी करून ती अनोळखी माणसाच्या हाती दिलेली असते, आणि तिकडून काही येत नाही. दोघंही त्याच अवस्थेत असल्यामुळे एकमेकांना धीर देणंही कठीण होतं. अशा वेळी स्थानिक कौन्सिलकडून ‘केअरर्स असेसमेंट’, म्हणजे केअररला काय मदत लागते याची पाहणी, करून घ्या. २०१४ च्या केअर ॲक्टनुसार तो प्रत्येक केअररचा हक्क आहे, त्याचे पैसे नाहीत, पिपच्या निकालाशी त्याचा संबंध नाही, आणि स्वतः आजारी असलेल्या केअररलाही तो मिळतो. आम्हाला त्यातून अंघोळीच्या जागी पकडायचे दांडे मिळाले.

माझी मुलाखत जुलैत आणि त्याची ऑगस्टमध्ये झाली, दोन्ही फोनवर. सरकारने नेमलेल्या खाजगी कंपनीतर्फे नर्स, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक अशी माणसं ती घेतात. तास-सव्वा तास लागतो. बोलणं रेकॉर्ड व्हावं असं वाटत असेल तर आधी कळवा. मी त्याच्या मुलाखतीत शेजारी बसले होते. सोबत कुणी असायला परवानगी आहे, फक्त आधी उत्तर त्याला देऊ द्यायचं आणि राहिलेलं आपण भरायचं. माझ्या मुलाखतीत ठरल्याप्रमाणे तो प्रश्न आला, ‘घरी कुणाची काळजी घेता का?’ इथे ‘हो’ म्हणून थांबायचं नाही. मी म्हणाले, ‘मी गोळ्यांची आठवण करते आणि तो गॅसपाशी किंवा बाथरूममध्ये असताना लक्ष ठेवते. उचलणं, ओतणं, चिरणं, अंग पुसणं यातलं काहीही मी करत नाही.’ आणखी एक. आपल्याकडे ‘कशा आहात?’ला ‘ठीक आहे’ म्हणायची सवय असते. ते ‘ठीक आहे’ अहवालात जसंच्या तसं उतरतं. ‘आज सकाळी नऊपर्यंत मूठ वळत नव्हती,’ असं सांगा.

माझा निकाल सप्टेंबरात आला. स्वयंपाक ४, जेवताना जाड मुठीचा चमचा २, अंघोळ २, संडासात आधाराचा दांडा २, कपडे २, असे १२ गुण, म्हणजे एनहान्स्ड दर. चालण्यात पन्नास ते दोनशे मीटरच्या टप्प्यात बसल्यामुळे ४ गुण, म्हणून मोबिलिटी नाही. नवऱ्याचा ऑक्टोबरात आला आणि धक्का बसला. अनोळखी रस्त्यावर सोबत लागते म्हणून मोबिलिटीत १० गुण दिले होते, पण डेली लिव्हिंगमध्ये फक्त ५. स्वयंपाकाला ‘नुसती आठवण’ म्हणून २, औषधांना १, पैशांच्या गुंतागुंतीच्या निर्णयांना २ आणि अंघोळीला शून्य. ५ गुण म्हणजे डेली लिव्हिंग नाही, आणि ते नाही म्हणजे माझा केअरर्स अलाउन्सही नाही.

असं पत्र आलं की पहिल्यांदा मुलाखतीचा अहवाल मागवा. फोन केला की पाठवतात. निकालाच्या तारखेपासून एका महिन्यात ‘मँडेटरी रीकन्सिडरेशन’, म्हणजे निकालाचा फेरविचार, मागता येतं. मागण्याआधी एक जोखीम समजून घ्या. ते पूर्ण निकाल पुन्हा बघू शकतात, मिळालेले गुण कमीही होऊ शकतात. आम्ही सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या माणसासोबत बसून मोबिलिटीचा पुरावा भक्कम आहे याची खात्री केली आणि मग पत्र धाडलं. पत्रात तक्रार नव्हती. दोनच कामं घेतली, स्वयंपाक आणि अंघोळ. अहवालातलं वाक्य, त्याच्याखाली फॉर्ममधलं आमचं वाक्य, त्याच्याखाली पुरावा, आणि २०१७ चा निवाडा. डिसेंबरात उत्तर आलं. स्वयंपाक ४, अंघोळ २, एकूण ९, स्टँडर्ड दर. तिथे नाही म्हणाले असते तर आणखी एका महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. त्याला फी नाही.

आता केअरर्स अलाउन्स. हा अर्ज ऑनलाइन होतो आणि पिपच्या मानाने फारच छोटा आहे. आठवड्याला निदान पस्तीस तास काळजी, कामातली कमाई आठवड्याला १९६ पौंडांपर्यंत, आणि पूर्णवेळ शिक्षण नको, या मुख्य अटी. भत्ता ८३.३० पौंड. पस्तीस तास म्हणजे दिवसाला पाच. त्यात अंगमेहनतच असावी लागत नाही. लक्ष ठेवणं, आठवण करणं, डॉक्टरकडे नेणं, रात्री उठणं हे सगळं धरलं जातं. पुढची ओळ नीट लक्षात ठेवा. पिपचा निकाल लागल्यापासून तीन महिन्यांच्या आत केअरर्स अलाउन्स मागितला, तर तो पिप सुरू झाल्याच्या तारखेपासून मिळतो. तीन महिने उलटले तर मागची थकबाकी फक्त तीन महिन्यांपुरती. नवऱ्याने माझ्यासाठीचा अर्ज सप्टेंबरात केला, मी त्याच्यासाठीचा डिसेंबरात, आणि दोन्ही मार्चपासून धरले गेले.

बायकांनी हा भत्ता हक्काने मागावा यामागे इतिहास आहे. १९७६ साली इन्व्हॅलिड केअर अलाउन्स या नावाने तो सुरू झाला, तेव्हा विवाहित बायकांना तो मिळतच नसे. त्या घरीच असणार असं गृहीत होतं. जॅकलिन ड्रेक या आईचं करणाऱ्या बाईने ते युरोपीय न्यायालयात नेलं आणि १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला.

कमाईची मर्यादा कडक आहे. एक पौंड जास्त झाला तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जातो आणि पुढे वसुली मागे लागते. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनला भरलेल्या रकमेचा निम्मा भाग वजा करून आकडा धरतात. कंपनीची पेन्शन कमाईत धरत नाहीत. दिवाळीत किंवा नाताळात जादा तास घेताना आठवड्याचा हिशेब आधी करा. भत्त्यावर कर लागू होतो, पिपवर नाही. आणि भत्त्याच्या प्रत्येक आठवड्याला नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट मिळतं, जे पुढे स्टेट पेन्शनला लागतं.

स्टेट पेन्शन किंवा न्यू स्टाइल ईएसए (आजारपणामुळे काम न जमणाऱ्यांना मिळणारे पैसे) केअरर्स अलाउन्सहून जास्त मिळत असेल तर केअरर्स अलाउन्स हातात येत नाही. तरीही उत्पन्न कमी असेल तर अर्ज करा, कारण ‘अंडरलाइंग एंटायटलमेंट’चं, म्हणजे पैसे नसले तरी हक्क आहे असं, पत्र मिळतं आणि त्यावर पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी मदत) वाढू शकतं. युनिव्हर्सल क्रेडिटवर असलेल्या जोडप्यांचं गणित वेगळं. तिथे केअरर्स अलाउन्सइतकी रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून पौंडाला पौंड कापली जाते. पण त्यात केअरर एलिमेंट, म्हणजे केअररसाठीची जादा रक्कम, मिळतं, महिन्याला २०१.६८ पौंड. दोघंही कामाला असमर्थ ठरले तरी आजाराचं एलिमेंट घरात एकच धरतात, आणि एका माणसाच्या नावावर आजाराचं व केअररचं अशी दोन्ही मिळत नाहीत. एकाच्या नावावर आजाराचं आणि दुसऱ्याच्या नावावर केअररचं, अशी मांडणी मात्र होऊ शकते. ती आपोआप होत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये केअरर असल्याचं दोघांनीही कळवावं लागतं.

मंजुरीनंतर कळवण्याच्या गोष्टी दोघांच्याही असतात, कारण एकाचा बदल दुसऱ्याच्या भत्त्याला लागतो. एनएचएस हॉस्पिटलात अठ्ठावीस दिवसांहून जास्त राहिलं की पिप थांबतं आणि त्याच्यासोबत जोडीदाराचा केअरर्स अलाउन्सही. भारतात जाणार असाल तर निघण्याआधी फोन करा. पिप तेरा आठवड्यांपर्यंत चालू राहतं, उपचारासाठी गेलात तर सव्वीस. केअरर एकटा गेला तर त्याचा भत्ता चार आठवड्यांपर्यंतच. दोघं मिळून जात असाल तर तेही सांगा, तिथे नियम वेगळा लागतो. तिकीट, जाण्या-येण्याच्या तारखा आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव एकाच कागदावर लिहून ठेवा.